आपल्याच देशाची परीक्षा



या व्याख्यानमालेत आतापर्यंत आपण प्राध्यापकांची, वकिलांची आणि डॉक्टरांची भाषणे ऐकली. आज चिटणीसांनी माझ्यासारख्या कामगार संघटनेच्या माणसाला उभे केले आहे. मी शाळा आठवीत सोडली. पुढचे शिक्षण तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, कापडाच्या प्रोसेस हाऊसमध्ये आणि सुटीच्या दिवशी वाचनालयाच्या बाकावर झाले. ज्याने परीक्षा फारशा दिल्या नाहीत त्यालाच परीक्षेवर बोलावयास सांगावे, यात चिटणीसांची थोडी थट्टा असावी. पण विषय मला मनापासून आवडला, म्हणून मी आनंदाने होकार दिला.

विषय असा : परदेशातून येऊन एखाद्या देशाचा नागरिक होऊ इच्छिणाऱ्याची जी परीक्षा घेतली जाते, तीत त्या देशात जन्मलेले लोक स्वतः उत्तीर्ण होतील काय?

अशा परीक्षा जगात पुष्कळ ठिकाणी आहेत. इंग्लंडात पंचेचाळीस मिनिटांत २४ प्रश्न सोडवावे लागतात आणि त्यांतील १८ बरोबर यावे लागतात. जर्मनीत २००८ पासून ३३ प्रश्नांची परीक्षा आहे. तेथे १७ उत्तरे बरोबर आली की पुरे. अमेरिकेत अधिकारी समोर बसून तोंडी प्रश्न विचारतो. बरीच वर्षे तेथे शंभर प्रश्नांची यादी होती, तीतून दहा विचारीत आणि सहा बरोबर आले की माणूस पार पडे. २०२५ च्या ऑक्टोबरपासून यादी १२८ प्रश्नांची झाली. आता वीस विचारतात आणि बारा यावे लागतात.

२०१८ साली अमेरिकेतल्या वुड्रो विल्सन यांच्या नावाच्या एका प्रतिष्ठानाने ही प्रश्नावली तिथल्याच नागरिकांपुढे ठेवली. तिघांपैकी जेमतेम एक उत्तीर्ण झाला. पासष्टच्या वरचे म्हातारे बरे निघाले. पंचेचाळिशीच्या आतल्यांपैकी पाचांत चारजण नापास. मौज अशी की, ज्या परदेशी माणसाला हे लोक ‘बाहेरचा’ म्हणतात, तो बिचारा रात्री जागून पाठ करतो आणि बहुधा उत्तीर्ण होतो.

आपण हसलात. हसणे योग्यच आहे. पण आता आपली पाळी.

आपल्याकडे अशी लेखी परीक्षा नाही. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत परकीय माणसासाठी अटी दिल्या आहेत. सर्वसाधारण अर्जदाराने अर्जापूर्वीचे सलग बारा महिने आणि त्याआधीच्या चौदा वर्षांपैकी मिळून अकरा वर्षे भारतात काढलेली असावीत, त्याचे चारित्र्य चांगले असावे, आणि संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील एका भाषेचे त्याला पुरेसे ज्ञान असावे. त्या अनुसूचीत आज बावीस भाषा आहेत. मराठी आहे, गुजराती आहे, कोकणी १९९२ मध्ये आली, संथाळी आणि बोडो २००३ मध्ये आल्या. वारली नाही. वारली ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. मी एवढेच म्हणतो की, डहाणूच्या डोंगरपट्टीत वारलीखेरीज दुसरे काही न बोलणारी म्हातारी आजी जर दुर्दैवाने परदेशात जन्मली असती, तर या अटीपाशी तिचा अर्ज अडला असता. ती इथे जन्मली म्हणून वाचली.

गेले काही महिने मी एक खोडी करीत आहे. डहाणू लोकलमध्ये, बोईसरच्या चहाच्या टपरीवर, आमच्या युनियनच्या कचेरीत, ज्याला त्याला दोनचार प्रश्न विचारतो. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे. तिचे आकडे मी सांगणार नाही. पण मजा पुष्कळ आली.

पहिला प्रश्न सोपा : तुम्ही भारताचे नागरिक आहात, तसे महाराष्ट्राचेही वेगळे नागरिक आहात काय? सुशिक्षित प्रवासी छाती पुढे काढून म्हणतात, “अर्थात!” उत्तर चूक. अमेरिकेत माणूस देशाचा आणि राज्याचा असा दोन्हींचा नागरिक असतो. आपल्या घटनाकारांनी एकच नागरिकत्व ठेवले आणि देशाच्या कोणत्याही भागात राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क एकोणिसाव्या कलमात घातला. म्हणजे बोईसरच्या खोलीत आठजण मिळून राहणारा ओडिशाचा किंवा गोरखपूरचा हमाल, ज्याला आपण उठल्यासुटल्या ‘बाहेरचा’ म्हणतो, तो कायद्याने आपल्याइतकाच आतला आहे. त्याने मराठी शिकावी असे माझे स्पष्ट मत आहे, आणि आमच्या सभांतून मी मराठीतच बोलतो. पण २०१६ साली रिक्षाच्या परवान्यासाठी मराठी वाचून दाखवण्याची परीक्षा आली आणि पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले, तेव्हा मला वाईट वाटले नाही. भाषा शेजारी बसून शिकवावी लागते, आणि शेजारी बसावयास आपल्याला वेळ नसतो.

दुसरा प्रश्न जरा खोल आहे. आपण नागरिक आहात ते कशाच्या आधारावर? लोक म्हणतात, “इथे जन्मलो म्हणून.” जे १ जुलै १९८७ च्या आधी जन्मले त्यांचे हे उत्तर बरोबर. त्या तारखेपासून पुढे जन्मलेल्याच्या आईबापांपैकी एकजण तरी नागरिक असावा लागतो. आणि ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्याचे दोन्ही पालक नागरिक हवेत, किंवा एक नागरिक हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. या सभागृहात किती मंडळींना ठाऊक होते की आपण आणि आपली नातवंडे एकाच देशाचे नागरिक असलो, तरी तीन निरनिराळ्या नियमांनी आहोत? मी विचारलेल्यांत दोन वकील होते. त्यांपैकी एकाने सांगितले. दुसऱ्याने खिशातून आधारकार्ड काढून दाखवले. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे २०१६ च्या आधार कायद्याच्याच नवव्या कलमात लिहिले आहे.

तिसरा प्रश्न आपल्या अंगणातला. पालघर तालुक्यातील बरीच गावे धरून या जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्र आहे. तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे, आणि त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे आहेत, ज्या वर्षी १ ऑगस्टला आपला जिल्हा ठाण्यापासून वेगळा झाला. त्या नियमांप्रमाणे एखाद्या पाड्याला स्वतःची वेगळी ग्रामसभा मागता येते. शहरातल्या मंडळींना राष्ट्रपतींचे नाव येते, जगातल्या राजधान्या येतात. स्टेशनापासून आठ मैलांवर माणसे कोणत्या कायद्याखाली राहतात हे येत नाही. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले आणि ते भारतातले पहिले, हे शाळेतले मूल सांगते. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी कोणती दोन गावे उठली, हे मी विचारतो तेव्हा शांतता पसरते. पोफरण आणि अक्करपट्टी. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटते त्यालाच ज्ञान म्हणायचे, अशी आपल्याला सवय झाली आहे.

आता ज्या प्रसंगामुळे मी या विषयाकडे गंभीरपणे पाहू लागलो तो सांगतो. पॅकिंगच्या कामावर असलेली एक बाई, पाड्यावरून रोज टमटमने येणारी, आमच्या कचेरीत आली होती. मी आपली खोडी तिच्यावरही केली : संसदेची सभागृहे किती? ती म्हणाली, “दादा, ते मला माहीत नाही. पण मुकादम पगारपत्रकावर आमचा अंगठा घेतो तेव्हा आकड्यावर हात ठेवतो. हे कायद्यात बसतं का?”

माझा प्रश्न तिथेच संपला. मजुरी किती लिहिली आणि हातात किती पडली, हे ज्याला विचारता येते त्याने संसद कशासाठी असते ते ओळखले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी एकोणतीस जुने कामगार कायदे जाऊन त्यांच्या जागी चार संहिता लागू झाल्या : वेतनाची, औद्योगिक संबंधांची, सामाजिक सुरक्षेची आणि कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेची. त्या बऱ्या की वाईट यावर माझे मत तिखट आहे, पण आज तो विषय नाही. मला सांगायचे ते एवढेच की, कारखान्याच्या फाटकावर या चार संहितांविषयी जेवढी विचारपूस झाली, तेवढी मला पदवीधरांच्या बैठकीत आढळली नाही.

तरीही एक वाक्य मी या शहरात वारंवार ऐकतो. चांगल्या, सज्जन, शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकतो. “मतदानासाठी एखादी परीक्षा ठेवायला हवी. अडाण्यांच्या मतांनी देशाचे वाटोळे होते.” ज्याला हे वाटते त्याच्या मनात वाईट हेतू असतो असे मी म्हणत नाही. पण हा प्रयोग जगात होऊन गेला आहे, आणि आपल्या देशातही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गुलामगिरी संपल्यावर काळ्या लोकांना मत मिळाले. ते उघडपणे काढून घेता येईना, तेव्हा वाचनाची परीक्षा आली. नोंदणी कारकून राज्यघटनेतला उतारा पुढे टाकी आणि म्हणे, याचा अर्थ सांग. उत्तराने त्याचे समाधान व्हावे लागे. काळ्या शिक्षकाच्या उत्तराने त्याचे समाधान होत नसे. गोऱ्या अडाण्याची सोय मात्र काही राज्यांनी निराळी केली होती : ज्याचे आजोबा पूर्वी मतदार होते त्याला परीक्षा माफ! हे आजोबांचे कलम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली रद्द केले, पण परीक्षा राहिली. ती मोडावयास १९६५ चा मताधिकार कायदा यावा लागला. परीक्षा कारकुनाच्या हाती असली की कोण नापास होणार हे आधीच ठरलेले असते.

आपल्याकडे इंग्रजांच्या १९३५ च्या कायद्यात मताधिकार मिळकतीवर, करावर आणि शिक्षणावर बेतलेला होता. ज्याच्याकडे यांपैकी काही नाही तो बाहेर. म्हणजे बहुतेक सारा देश बाहेर. त्याच्याही आधी, १९२८ साली, सायमन कमिशनपुढे डॉ. आंबेडकरांनी प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली होती. घटना झाली तेव्हा शंभरांतली सुमारे अठराच माणसे साक्षर होती. हे घटनाकारांना ठाऊक नव्हते काय? पुरते ठाऊक होते. ठाऊक असूनही ३२६ व्या कलमात त्यांनी परीक्षा घातली नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सतरा कोटींहून अधिक मतदार होते, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चिन्हे आणि प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली. माणसाला अक्षर येत नाही म्हणून मताला नाही म्हणण्याऐवजी पेटीवर बैल काढला, दिवा काढला. एवढ्या साध्या युक्तीत केवढा विचार आहे!

त्या निवडणुकीतली एक गोष्ट मात्र मनाला लागते. सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. कारण त्यांनी नावेच सांगितली नाहीत : अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढीच ओळख. परीक्षेतला पहिला प्रश्नच होता, “तुझे नाव काय?” आणि घरच्या रीतीने त्यांना त्यातच नापास केले.

परीक्षेचा मोह अजून सुटलेला नाही. हरियाणाने २०१५ मध्ये पंचायतीच्या उमेदवारांना शिक्षणाची अट घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. राजस्थानानेही तशी अट आणली होती. २०१९ मध्ये ती काढून टाकली. शाळा ज्या गावात पोहोचली नाही त्या गावच्या बाईला सांगायचे की तू शाळेत गेली नाहीस म्हणून सरपंच होऊ नकोस! न्यायालयाचा निर्णय मला शिरोधार्य आहे, पटलेला नाही.

आणि अडाण्यांविषयी बोलायचेच तर या जिल्ह्यात जरा जपून बोलावे. १९४५ साली इथल्या वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडीची चाल मोडली. एका लग्नाच्या कर्जापायी नवराबायको दोघांनी सावकाराच्या घरी राबायचे, अशी ती चाल. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यांच्यात जाऊन राहिले. गोदावरीबाईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक आपल्या वाचनालयात आहे. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथीदार पडले. त्यांपैकी बहुतेकांना मत नव्हते, कोणत्याही प्रश्नपत्रिकेत त्यांना भोपळा मिळाला असता. गवत कापण्याला योग्य दर द्या, वेठ घेऊ नका, एवढे ते म्हणत होते. वेठबिगारीला मनाई करणारे तेविसावे कलम घटनेत आले ते त्यानंतर.

त्याच्या तीन वर्षे आधी, १४ ऑगस्ट १९४२ रोजी, याच गावात कचेरीवर मोर्चा आला आणि पाच जण गोळीने पडले. त्यांच्या नावाने आपला हुतात्मा स्तंभ आहे. पाचबत्तीवरून आपण रोज भाजी घेऊन जातो. पाचही नावे ज्यांना पाठ येतात त्यांनी हात वर करावेत, असे मी म्हणणार होतो. पण अध्यक्षांनी डोळे वटारले. नावे मी इथून सांगत नाही. सभा सुटल्यावर घरी जाताना थांबून वाचावीत.

आता शेवटच्या मुद्द्याकडे येतो, आणि माझ्या दृष्टीने खरी कळीची गोष्ट हीच आहे. आपल्याकडे परकीयाला लेखी परीक्षा नाही असे मी म्हटले. पण इथेच जन्मलेल्या गरिबाला रोज परीक्षा आहे, आणि ती कागदांची आहे. आसाममध्ये नागरिकांची नोंदवही केली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी अंतिम यादी लागली, तीत १९ लाखांहून अधिक माणसे बाहेर राहिली. त्याच वर्षी तीस वर्षे सैन्यात चाकरी केलेल्या एका निवृत्त अधिकाऱ्याला न्यायाधिकरणाने परकीय ठरवून कोठडीत टाकले. पुढे उच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला. सैन्याचे निवृत्तिवेतन घेणारा माणूस जर इतका अडतो, तर आमच्या कातकऱ्याचे काय होईल?

कातकरी कुटुंब दिवाळी झाली की वीटभट्टीवर जाते आणि आगोटीला परत येते. पोर भट्टीवर जन्मते. १९६९ च्या कायद्याने जन्माची नोंद सक्तीची आहे; पण नोंद करायची कुठे? भट्टी एका तालुक्यात, घर दुसऱ्या तालुक्यात, ग्रामसेवक तिसऱ्याच बैठकीला. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून नोंद होत नाही. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून जन्मलेल्यांना शाळा, मतदारयादी, पासपोर्ट, सरकारी नोकरी या सर्वांसाठी हाच एक दाखला चालतो. शिकलेल्या घराला ही मोठी सोय झाली. ज्याच्याकडे तो दाखला नाही त्याच्या तोंडावर मात्र एकदम सगळीच दारे बंद होतात.

आणि मघाची ती ३ डिसेंबर २००४ ची तारीख आठवा. त्यानंतर जन्मलेली मुले आता कारखान्याच्या फाटकावर कामाला येऊ लागली आहेत. त्यांना स्वतःचा जन्म सिद्ध करून भागत नाही. बापाचा आणि आईचाही सिद्ध करावा लागेल. त्यांच्या बापाचा जन्म भट्टीवरचा. आईचे नाव शिधापत्रिकेवर एक, मतदारयादीत दुसरे आणि आधारवर तिसरे, कारण लिहिणाऱ्या प्रत्येक कारकुनाने कानाला जसे लागले तसे लिहिले. तिला स्वतःला ते वाचता येत नाही, म्हणून चूक कोणाला दिसली नाही. भविष्यात कधी कोणी या कागदांची तपासणी काढली, तर नापास होणार ती, आणि चूक लिहिणारा कारकून निवृत्तिवेतन घेत असेल.

ही परीक्षा मात्र आपण मनावर घेतली तर सोपी करता येते, कारण तिची उत्तरे गावात, दप्तरात, शाळेच्या जुन्या हजेरीपटात पडलेली असतात. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढणे, तीन कागदांवरचे नाव एक करून घेणे, दंडाधिकाऱ्याकडचा अर्ज शुद्ध लिहून देणे, ही कामे मॅट्रिक झालेल्या माणसाला एका दुपारी जमतात. आमची कचेरी बोईसरला रविवारी सकाळी दहापासून एकपर्यंत उघडी असते. गेल्या हंगामात आम्ही तिघेजण लिहावयास होतो आणि रांग जिन्याच्या खालपर्यंत होती. भट्ट्या सुटून माणसे परत येण्यास आता फार दिवस उरलेले नाहीत. निवृत्त शिक्षक, बँकेतील मंडळी, कॉलेजात शिकणाऱ्या मुली, ज्यांचे अक्षर सुवाच्य आहे आणि ज्यांना कारकुनाशी न भांडता बोलता येते, त्यांनी आपली नावे दाराशी ठेवलेल्या वहीत लिहून जावीत. पेन वहीलाच दोऱ्याने बांधून ठेवले आहे.